जंतू औषधाला दाद का देईनासे होतात?



पावसाळा सुरू झाला की आपल्या पेडणे-डिचोली भागात घरोघर ताप, खोकला, जुलाब यांची ये-जा सुरू होते. गेल्या वर्षी अशाच दिवसांत एका घरी गेलो असता तेथील मावशींनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे उघडून ठेवला. आत निरनिराळ्या गोळ्यांच्या उरलेल्या पट्ट्या होत्या. कुठे तीन गोळ्या, कुठे पाच, एकीत एकच. "फादर, यातली तापाची कुठली ते बघा. नातवाला कालपासून कणकण आहे, आणि पाऊस बाहेर पडू देत नाही," असे त्या म्हणाल्या. इतक्या गोळ्या उरल्या कशा, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "बरे वाटले की कोण घेतो? आणि टाकायला जीव होत नाही. पैसे पडलेत ना!"

असा डबा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. तो डबा, गोठ्यातले इंजेक्शन आणि वांग्याच्या वाफ्यावरची फवारणी या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे आजच्या पाठात पाहू.

१. सगळे जंतू एका जातीचे नव्हेत

आपण सरसकट "जंतू" म्हणतो, पण रोग करणाऱ्या जंतूंचे दोन मोठे वर्ग ध्यानात ठेवले पाहिजेत. एक जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया. क्षय, विषमज्वर (टायफॉइड), कुष्ठरोग, तसेच भाताच्या शेतात चिखलात काम करणाऱ्यांना उंदरांच्या मुतापासून होणारा लेप्टोचा ताप हे जिवाणूंचे रोग. दुसरे विषाणू, म्हणजे व्हायरस. साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू, कांजिण्या हे विषाणूंचे रोग. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना गोचिडीपासून होणारा माकडतापही विषाणूचाच. २०१५ साली तो सत्तरीत दिसला आणि पुढे आपल्या शेजारच्या दोडामार्ग, बांदा भागातही आला.

अँटिबायोटिक, ज्याला मराठीत प्रतिजैविक म्हणतात, ते जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबवते. विषाणूंवर ते काहीच करीत नाही. सर्दीला प्रतिजैविक घेणे म्हणजे उंदीर पकडायला पाण्यात गळ टाकण्यासारखे आहे. मग "मागच्या वेळी त्याच गोळीने सर्दी गेली" असे का वाटते? कारण सर्दी पाच-सात दिवसांत आपोआप जाते. गोळी घेतली नसती तरी ती गेलीच असती.

२. हे औषध आले कोठून?

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जिवाणू वाढवलेल्या एका बशीत बुरशी पडलेली दिसली. त्या बुरशीच्या आसपासचे जिवाणू विरघळून गेले होते. त्यातून पुढे पेनिसिलिन निघाले. १९४३ साली अमेरिकेत मातीतल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. आपल्या देशात पेनिसिलिन तयार करण्यासाठी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. ज्या न्यूमोनियाने, ज्या बाळंतरोगाने आपल्या आजी-पणजीच्या पिढीतली माणसे पटापट जात, ते रोग काही आण्यांच्या औषधाने बरे होऊ लागले. जुन्या माणसांना विचारा, पेनिसिलिनचे इंजेक्शन म्हणजे त्यांना चमत्कारच वाटला होता.

परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. ही औषधे मुळात बुरशींची आणि मातीतल्या जिवाणूंची आपापसातल्या लढाईतली हत्यारे आहेत. ही लढाई माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. जेथे हत्यार आहे तेथे त्यावरची ढालही तयार झालेली असणारच. खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना सावध केले होते की, कमी मात्रेत पेनिसिलिन घेणारा माणूस जंतूंना मारण्याऐवजी त्यांना पेनिसिलिन पचवायला शिकवील.

३. भाताच्या शेतातले तण

"शिकवील" हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो. खरे तर जंतू काही शिकत नाही. काय घडते ते शेतातल्या उदाहरणाने पाहू.

बेणणी करणाऱ्या बायका भातातले तण उपटतात तेव्हा जे तण भाताहून वेगळे दिसते ते लगेच हाती लागते. पण काही तण अगदी भाताच्या रोपासारखे दिसते. ते नजरेतून सुटते, त्याला लोंबी येते, बी जमिनीत पडते. पुढच्या वर्षी तसल्याच तणाची संख्या वाढलेली असते. वर्षानुवर्षे असे झाले की शेतात भाताची नक्कल करणारे तणच उरते. ते तण काही भाताकडे पाहून तसे झाले नाही. आपल्याच हातांनी दुसरे उपटले आणि त्याला जागा करून दिली.

जिवाणूंचे असेच. चांगले खाणे आणि ऊब मिळाली तर आतड्यातला एक जिवाणू वीस मिनिटांत दुभंगून त्याचे दोन होतात. हा वेग टिकला तर दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतील. इतक्या नकला करताना कोठेतरी चूक होतेच, जशी वही उतरवून घेताना होते. बहुतेक चुका जिवाणूलाच बाधतात. पण क्वचित एखाद्या चुकीने असा जिवाणू निपजतो की ज्यावर औषध लागू पडत नाही. औषध नसेल तर तो कोट्यवधींच्या गर्दीत हरवून जातो. औषध आले की बाकीचे मरतात आणि सगळे रान त्याला मोकळे होते.

असा जिवाणू औषध येण्याआधीच गर्दीत असतो, हे अमेरिकेतील जोशुआ व एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ साली प्रयोगाने दाखवून दिले. औषध त्याला घडवीत नाही, निवडते. आणि निवडण्याचे काम करतो तो औषध वापरणारा माणूस.

४. जिवाणूच्या चार युक्त्या

औषधाला दाद न देणारा जिवाणू नेमके करतो तरी काय? मुख्य युक्त्या चार.

पहिली, औषध मोडून टाकणे. काही जिवाणू असा रस तयार करतात की तो पेनिसिलिनचा रेणूच कापतो. हा रस १९४० सालीच शास्त्रज्ञांच्या नजरेस आला होता, म्हणजे पेनिसिलिन बाजारात येण्याच्याही आधी.

दुसरी, दार लावून घेणे. खाजन शेतीला मानशीचे दार असते. खारे पाणी चढले की दार मिटते आणि शेत वाचते. जिवाणूच्या कातडीला अशीच बारीक दारे असतात. ती कमी केली की औषध आत शिरत नाही.

तिसरी, आत आलेले बाहेर टाकणे. होडीत पाणी शिरले की आपण ते उपसून टाकतो. जिवाणूच्या अंगात असे उपसणारे पंप असतात. पंप वाढले की औषध साचतच नाही.

चौथी, कुलूप बदलणे. औषध ही किल्ली. जिवाणूच्या शरीरातल्या एका ठराविक कुलपाला ती बसते आणि त्याचे काम बंद पाडते. कुलपाचा आकार थोडा बदलला की किल्ली फिरत नाही.

५. कुंपणावरून दिलेले रोप

एवढ्यावर थांबले असते तरी बरे होते. परंतु जिवाणू आपली ढाल शेजाऱ्यालाही देतात. आपण कुंपणावरून शेजारणीला मिरचीचे रोप देतो ना, तसेच. त्यांच्या अंगात मुख्य वंशसूत्राशिवाय लहान लहान कड्या असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटतो आणि त्या कडीची नक्कल त्याला देतो. एकाच कडीवर चार-पाच औषधांच्या ढाली एकत्र असू शकतात. दुसरा जिवाणू त्याच जातीचा असावा लागतो असेही नाही.

जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात रक्ती आवेचे असे जंतू सापडू लागले की चार-चार औषधे एकाच वेळी निकामी. एकेका चुकीने असे होणे शक्य नव्हते. १९५९ साली तेथील शास्त्रज्ञांनी दाखवले की आतड्यातले साधे, निरुपद्रवी जिवाणूच ही ढाल रोगाच्या जंतूंना देत होते. म्हणून विनाकारण घेतलेल्या गोळीचे नुकसान लगेच दिसत नाही. आज सर्दीसाठी घेतलेल्या गोळीने आतड्यात ढाल असलेले साधे जिवाणू उरतात आणि उद्या विषमज्वराचा जंतू आला तर ढाल त्याच्यासाठी तयार असते.

ही कल्पनेतली भीती नव्हे. विषमज्वरावर एके काळी क्लोरॅम्फेनिकॉल हे हुकमी औषध होते. १९७२ साली केरळात कोझिकोडे येथे त्याला न जुमानणारा विषमज्वर आढळला, आणि ती ढाल दुसऱ्या जिवाणूला देता येते हेही दिसले. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात जो विषमज्वर पसरला त्यावर नेहमीची बहुतेक सगळी औषधे निकामी ठरली. अशा वेळी रोग होऊच न देणे हाच शहाणपणा. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली विषमज्वराच्या नव्या लशीची मोहीम काढून लाखाहून अधिक मुलांना लस टोचली. सरकारी यंत्रणेने या लशीची अशी मोहीम काढण्याची जगातली ती पहिलीच वेळ होती.

६. क्षयरोगाचा हिशेब

प्रतिजैविकांचा धडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो क्षयरोगात. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

१९४८ साली इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. ५५ रोग्यांना ते औषध दिले होते, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४. सर्वांना आनंद झाला. परंतु पाच वर्षांनंतर पाहिले तर औषधवाल्यांतले ३२ आणि दुसरे ३५ गेलेले होते. एकट्या औषधाने मिळवलेले जवळजवळ सगळे हातचे गेले, कारण पुष्कळ रोग्यांचे जंतू मध्येच औषधाला दाद देईनासे झाले.

असे का, ते साध्या हिशेबाने कळते. फुप्फुसात पडलेल्या एका भोकात दहा कोटी जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, म्हणजे त्या भोकात असे शंभर. रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. एकच औषध दिले तर ते शंभर किंवा तो एक उरतो आणि वाढतो. पण दोन्ही एकत्र दिली तर दोन्हींना न जुमानणारा जंतू हवा, आणि तो सापडायला एक कोटीला एक कोटीने गुणून येतील इतके जंतू लागतील. तितके कोणाच्याही छातीत नसतात. म्हणून क्षयाला एकाच वेळी तीन-चार औषधे देतात. त्यांतली एक नको म्हणून वगळणे, किंवा आज घेतली उद्या नाही असे करणे म्हणजे या हिशेबालाच भोक पाडणे.

आणि सहा महिने कशाला? पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात. खोकला थांबतो, अंगावर मांस येते, रोगी कामावर जाऊ लागतो. नेमका येथेच घात होतो. उरलेले थोडे जंतू सुस्त पडून असतात आणि त्यांच्यावर औषध हळूहळू लागू पडते. त्यांच्यासाठी पुढचे चार महिने आहेत. बरे वाटणे आणि बरे होणे यांत या रोगात चार महिन्यांचे अंतर आहे.

मुंबईत काय झाले ते पाहा. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस चार रोग्यांची हकिगत एका परदेशी वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही क्षयाचे औषध चालत नव्हते. यांतले बहुतेक रोगी एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरलेले होते, आणि प्रत्येक ठिकाणी एकेक औषध, तेही पुष्कळदा चुकीच्या मात्रेत, वाढवले गेले होते. २०१२ च्या जानेवारीत ही बातमी देशभर गाजली. "कोणतेच औषध न चालणारा क्षय" हे नाव बरोबर की नाही यावर सरकारचा व डॉक्टरांचा वादही झाला. नाव काहीही द्या, रोग्याला त्याचा काय उपयोग?

याचे मूळ आधीच दिसले होते. १९९१ च्या सुमारास धारावीत शंभरेक खाजगी डॉक्टरांना क्षयाचे औषध कसे लिहाल असे विचारले तेव्हा ८० वेगवेगळ्या तऱ्हा निघाल्या. वीस वर्षांनी पुन्हा १०६ जणांना विचारले तर ६३ तऱ्हा, आणि बरोबर लिहून देणारे फक्त ६. म्हणजे दोष एकट्या रोग्यावर ढकलून चालणार नाही. मुंबईच्या त्या हकिगतीनंतर, २०१२ च्या मे महिन्यात, प्रत्येक क्षयरोग्याची सरकारकडे नोंद करणे डॉक्टरांना बंधनकारक झाले.

एक गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवा. औषध मध्येच सोडणाऱ्याच्या अंगातले दाद न देणारे जंतू खोकल्याबरोबर बाहेर पडतात आणि त्याच खोलीत निजणाऱ्या बायकोच्या, मुलाच्या छातीत जातात. त्या मुलाने एकही गोळी चुकवलेली नसते, तरी त्याला पहिल्या दिवसापासून कठीण क्षय होतो. पूर्वी अशा क्षयाला दीड-दोन वर्षे औषधे लागत. रोजच्या इंजेक्शनांनी कित्येकांना ऐकू येईनासे झाले. २०२४ साली आपल्या सरकारने चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार मान्य केला ही आनंदाची गोष्ट आहे. पण तीही औषधे आपण जपली तरच टिकतील.

७. गोठा, कोंबड्या आणि बागायत

शेतकरी बंधूंनो, आता आपल्या अंगणात या.

गाईच्या कासेला सूज आली, दुधात गाठी दिसू लागल्या की कासदाह झाला असे आपण ओळखतो. काही ठिकाणी त्याला दगडी म्हणतात. सडात औषधाची नळी सोडतात, इंजेक्शन देतात. ते योग्यच आहे, पण पशुवैद्याच्या सांगण्यावरून. औषध चालू असताना आणि नंतर पाकिटावर छापलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीत घालू नये आणि घरच्या मुलांनाही देऊ नये. "उकळले की औषध जाते" हा समज खोटा आहे. उकळण्याने जंतू मरतात, दुधात उतरलेली बहुतेक औषधे मात्र राहतात. आणि कासदाह टाळायचा तर धार काढण्याआधी हात व सड धुवावे, गोठा कोरडा ठेवावा, आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढावी.

कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक मिसळण्याची रीत जगभर पडली होती. थोडे आणि रोज, म्हणजे फ्लेमिंगनी सांगितली तीच चूक. कोलिस्टिन हे औषध दुसरे काहीच चालत नाही तेव्हा इस्पितळात वापरतात. त्याची ढाल एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते असे २०१५ साली चीनमध्ये डुकरांत व मांसात आढळले. २०१९ च्या जुलैमध्ये भारत सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली.

वांगी, मिरची, टोमॅटो लावणाऱ्यांना मर रोग ठाऊक आहे. सकाळी टवटवीत असलेले झाड दुपारी मान टाकते आणि चार दिवसांत हिरवेच सुकते. हा मातीतल्या जिवाणूचा रोग आहे की बुरशीचा, हे घरी ओळखता येते. झाडाचा बुंधा कापून त्याचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरावा. थोड्या वेळात दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला तर रोग जिवाणूचा. पुष्कळजण अशा वेळी स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांची मिश्र पूड, जिला दुकानात स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणतात, ती आणून ओततात. सोलापूरकडे डाळिंबाच्या तेल्या रोगावरही ती पुष्कळ फवारली गेली. ही माणसाचीच औषधे आहेत. मातीत ओतली की कोट्यवधी जिवाणूंची निवड सुरू होते. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने शेतीतला हा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला.

मर रोगाला उपाय दुसरे आहेत. मेलेले झाड मुळासकट उपटून जाळावे. त्या वाफ्याचे पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये. त्याच जागी लागोपाठ वांगी-मिरची न घेता मध्ये भात घ्यावा. रोगाला टिकणारी जात लावावी. जुन्या गोव्यात एला येथील कृषी संशोधन संस्थेने या रोगावर काम केले आहे, तेथे किंवा आपल्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी.

८. आपण काय करावे?

• सर्दी, पडसे, अंगदुखी यांना आपण होऊन प्रतिजैविक घेऊ नये. ताप तीन दिवसांत उतरला नाही, श्वास लागला, मूल खाईना-पिईना झाले, किंवा चिखलात काम केल्यावर ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरकडे जावे.

• गोळीच्या पट्टीवर उभी तांबडी रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. २०१४ च्या मार्चपासून काही महत्त्वाच्या औषधांची विक्री दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवायची असा कायदा आहे. "कालच्यासारख्याच दोन द्या" असे म्हणून दुकानदाराला भरीस घालू नये.

• डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस, ठरल्या वेळी औषध घ्यावे. काही रोगांना आता थोडे दिवसही पुरतात, पण किती ते डॉक्टरांनी ठरवायचे. क्षयाला मात्र पूर्ण मुदत.

• आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्याची घेऊ नये.

• दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर डिचोली, सांखळी, कासारवर्णे अशा आपल्या जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. रिफाम्पिसिन चालेल की नाही हे आता यंत्रावर दोन तासांत कळते.

• साबणाने हात धुणे, पाणी उकळून पिणे, मुलांच्या लशी वेळेवर टोचणे. जो रोग झालाच नाही त्याला औषधही लागत नाही.

२०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी केला आहे. नवी प्रतिजैविके फार थोडी निघत आहेत. आहेत ती औषधे गावच्या विहिरीसारखी आहेत. एकाने घाण केली की पाणी सगळ्यांचेच बिघडते.

त्या मावशींच्या डब्यातून मी नातवासाठी एकही गोळी काढली नाही. पाऊस ओसरल्यावर मुलाला आरोग्य केंद्रात नेले. तपासून डॉक्टरांनी फक्त तापाची साधी गोळी दिली आणि भरपूर पाणी पाजायला सांगितले. चौथ्या दिवशी मूल अंगणात खेळत होते. डबा अजून त्यांच्या घरी आहे. आता त्यात सुई-दोरा असतो.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. औषध जंतूला घडवते की निवडते? तणाच्या उदाहरणाने सांगा.
२. क्षयाला एकाच वेळी तीन-चार औषधे का देतात?
३. औषध चालू असलेल्या गाईचे दूध उकळून का चालत नाही?
४. आपल्या घरातल्या डब्यात आज काय काय आहे? डॉक्टरांना दाखवून ठरवा.